बक्षीस देणाराचीही परीक्षा

शाळेच्या वर्षांत दोन दिवस असे असतात कीं, त्या दिवशीं विद्यार्थ्यांचीं अंतःकरणें इतर दिवसांपेक्षां अधिक धडधडतात. एक परीक्षेच्या निकालाचा आणि दुसरा बक्षीस-समारंभाचा. निकालाच्या दिवशीं जो तो आपलेंच नांव शोधण्यांत गढलेला असतो. बक्षीस-समारंभाच्या दिवशीं मात्र सर्वांच्या देखत दुसऱ्याचें नांव ऐकून टाळ्या वाजवाव्या लागतात, आणि म्हणूनच तो दिवस अधिक कठीण. सभागृहांत पताका लागलेल्या असतात, टेबलावर पुस्तकें व चषक मांडलेले असतात, पाहुणे मंडळी खुर्च्यांवर स्थानापन्न झालेली असते, आणि मागच्या बांकावर बसलेल्या एखाद्या मुलाच्या मनांत एकच प्रश्न घोळत असतो : "माझें नांव कां नाहीं?" या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असें आमच्या मनांत आहे. त्यासाठीं आम्ही उदाहरण घेणार आहोंत तें शाळेचें नव्हे, तर हिंदी चित्रपटांस प्रतिवर्षीं देण्यांत येणाऱ्या फिल्मफेअर पारितोषिकांचें.

चित्रपटाचा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल, व तें वाटणें अगदींच अस्थानीं आहे असें नाहीं. परंतु हा समारंभ मुलें घरोघर दूरचित्रवाणीवर व आतां हातांतल्या मोबाईलवर पाहतच असतात. तेव्हां 'पाहूं नका' म्हणण्यापेक्षां तो कोणत्या दृष्टीनें पाहावा हें सांगणें अधिक शहाणपणाचें. शिवाय आपल्यासारख्या शाळेस चित्रपटाचें वावडें असण्याचें कारणही नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९११ सालच्या सुमारास मुंबईंत प्रभु येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. तो पाहतां पाहतां राम व कृष्ण यांचीं चरित्रें पडद्यावर कशीं दिसतील, हें त्यांच्या मनश्चक्षूंपुढें उभें राहिलें, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. त्या ध्यासांतूनच ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट लोकांपुढें आला. ज्या कलेचा आपल्या देशांतील उगम अशा प्रसंगांतून झाला, तिच्यापासून विद्यार्थ्यांनीं कांहीं बोध घेतला तर त्यांत वावगें तें काय?

'फिल्मफेअर' हें नियतकालिक मुंबईस टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्राच्या संस्थेनें १९५२ सालीं सुरू केलें. त्याचा पहिला पारितोषिक-समारंभ २१ मार्च १९५४ रोजीं मुंबईच्या मेट्रो चित्रगृहांत पार पडला. क्लेअर मेंडोन्सा या टाइम्सच्या चित्रपट-समीक्षक होत्या. त्यांच्या स्मरणार्थ या पारितोषिकांस आरंभीं 'क्लेअर्स' असें नांव देण्यांत आलें होतें. निवडीचें काम वाचकांच्या मतांवर सोंपविलें होतें, आणि देशभरांतील वीस हजारांहून अधिक वाचकांनीं आपलीं मतें कळविलीं. पारितोषिकें होतीं अवघीं पांच. उत्कृष्ट चित्रपट म्हणून 'दो बिघा जमीन' निवडला गेला, व उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान त्याच चित्रपटाबद्दल बिमल रॉय यांस मिळाला. 'दाग'मधील अभिनयाबद्दल दिलीप कुमार, 'बैजू बावरा'मधील अभिनयाबद्दल मीना कुमारी आणि त्याच चित्रपटाच्या संगीताबद्दल नौशाद, हे उरलेले तीन मानकरी. विजेत्यांस जी ब्राँझची मूर्ति देण्यांत येते ती शिल्पकार एन. जी. पानसरे यांनीं घडविली. टाइम्सचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांची त्या कामावर देखरेख होती. दोन्ही हात मस्तकावर उंचावलेली ती नर्तिका आज देशांतील लहानथोरांच्या ओळखीची झाली आहे.

येथवरची हकीकत गौरवाचीच आहे. परंतु त्या पांच नांवांकडे पुन्हां एकदां पाहावें. 'बैजू बावरा'चीं गाणीं लोकांच्या ओठांवर होतीं म्हणून संगीतकारास पारितोषिक मिळालें, हें योग्यच झालें. पण तीं गाणीं ज्यांच्या कंठांतून निघालीं, त्यांचें काय? पार्श्वगायकांसाठीं पारितोषिकच नव्हतें. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. यादी करणारांच्या डोळ्यांपुढें ती गोष्ट आलीच नाहीं, इतकेंच. पण ज्या गुणासाठीं यादींत जागाच नसते, तो गुण कितीही मोठा असला तरी त्या दिवशीं सभागृहाच्या बाहेरच उभा राहतो.

ही उणीव उघड केली ती लता मंगेशकर यांनीं. १९५७ सालच्या समारंभांत 'चोरी चोरी' या चित्रपटाच्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन यांस पारितोषिक मिळावयाचें होतें, आणि त्या प्रसंगीं लताबाईंनीं त्यांतील एक गाणें गावें, अशी त्यांना विनंती करण्यांत आली. त्यांनीं नकार दिला. पारितोषिक संगीतकारास आहे, गाणाराला नाहीं. तेव्हां तेथें गाणें नको, वाद्यांवरच काय तें वाजवा, असें त्यांचें म्हणणें होतें. या नकारांत आदळआपट नव्हती. फक्त एक सरळ प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. १९५९ सालापासून पार्श्वगायनासाठीं पारितोषिक सुरू झालें, व पहिलें पारितोषिक 'मधुमती'मधील गाण्याबद्दल लताबाईंनाच मिळालें. पुढें १९६८ सालापासून गायक व गायिका यांच्यासाठीं तीं वेगवेगळीं करण्यांत आलीं.

या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे, कारण तो पूर्वार्धाहून मोठा आहे. ज्यांनीं गायकांसाठीं दार उघडविलें, त्यांनींच १९७० सालचें पारितोषिक घेतल्यानंतर, यापुढें आपला विचार न करतां नवीन गळ्यांना वाव द्यावा, असें कळविलें. पुढें त्यांच्या भगिनी आशा भोसले यांनींही सात पारितोषिकें मिळविल्यावर १९७९ नंतर तसेंच केलें. मान मिळावा म्हणून भांडणें सोपें आहे. मान मिळूं लागल्यावर दुसऱ्यासाठीं बाजूस सरणें फार थोड्यांना साधतें. वर्गांत दरवर्षीं पहिला येणाऱ्या विद्यार्थ्यानें या गोष्टीचा शांतपणें विचार करावा. त्यानें अभ्यास सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण नाटकांतली मुख्य भूमिका, वक्तृत्वाची सभा व संघाचें पुढारीपण हीं सर्वच आपल्याच वांट्यास यावींत, हा हट्ट मात्र त्यानें सोडण्यासारखा आहे.

यादी बिनचूक झाली तरी निवड बिनचूक होतेच असें नाहीं. पहिल्याच वर्षीं सर्वश्रेष्ठ ठरलेल्या 'दो बिघा जमीन'चा नायक शंभू हा एक गरीब शेतकरी. जमीनदाराच्या कर्जापायीं आपली दोन बिघे जमीन जाऊं नये म्हणून तो कलकत्त्यास जाऊन हातरिक्षा ओढतो. ती भूमिका बलराज साहनी यांनीं केली, व तींत खरेपणा यावा म्हणून त्यांनीं कलकत्त्याच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष रिक्षा ओढण्याचा सराव केला. चित्रपटास पारितोषिक मिळालें, दिग्दर्शकास मिळालें. पण ज्यानें तो शंभू उभा केला, त्यास अभिनयाचें पारितोषिक मिळालें नाहीं. दिलीप कुमार यांची योग्यता कमी होती असें कोण म्हणेल? जागा एक आणि लायक माणसें दोन, अशा वेळीं एकावर अन्याय झाल्यासारखा दिसणारच. तो मुकाट्यानें सोसणें हाही एक गुण आहे, आणि त्याला मूर्ति देतां येत नाहीं.

परंतु कांहीं वेळां अन्याय मुकाट्यानें सोसूं नये, विशेषतः तो दुसऱ्यावर झालेला असेल तेव्हां. पारितोषिक नाकारण्याच्या दोन गोष्टी येथें शेजारीं शेजारीं ठेवण्यासारख्या आहेत. 'देवदास'मधील चंद्रमुखीच्या भूमिकेबद्दल वैजयंतीमाला यांस १९५७ सालीं साहाय्यक अभिनेत्रीचें पारितोषिक जाहीर झालें. आपली भूमिका दुय्यम नसून पारोच्या बरोबरीची आहे, या कारणास्तव त्यांनीं तें घेतलें नाहीं. त्यांचें म्हणणें विचार करण्याजोगें होतें. दुसरी गोष्ट १९७३ सालची. 'बेईमान' या चित्रपटांतील कामाबद्दल प्राण यांस साहाय्यक अभिनेत्याचें पारितोषिक जाहीर झालें. त्याच चित्रपटाच्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन यांसही पारितोषिक मिळालें. त्या वर्षीं 'पाकीजा'चें संगीत लोकांपुढें आलें होतें, व त्याचे संगीतकार गुलाम महंमद हे १९६८ सालींच निवर्तले होते. संगीताचा मान 'पाकीजा'कडे जावयास हवा होता, असें प्राण यांचें ठाम मत पडलें, आणि त्यांनीं स्वतःचें पारितोषिक नाकारलें.

हें लक्षांत घेण्यासारखें आहे कीं, प्राण यांच्यावर कोणताही अन्याय झालेला नव्हता. त्यांना स्वतःचा मान मिळालेलाच होता. ज्यांच्यासाठीं ते उभे राहिले ते गृहस्थ जगांत नव्हते. त्यांच्याकडून आभाराचा एक शब्दही मिळण्याची आशा नव्हती. पडद्यावर ज्यांनीं बहुतेक जन्मभर खलपुरुष रंगविले, त्यांनीं प्रत्यक्षांत सज्जनाचें काम केलें. वैजयंतीमाला यांनीं स्वतःच्या योग्यतेसाठीं नकार दिला, प्राण यांनीं दुसऱ्याच्या योग्यतेसाठीं. दोन्ही नकारांत धैर्य आहे. पण दुसऱ्या नकारांतील धैर्य अधिक दुर्मिळ, असें आम्हांस वाटतें.

आतां याच्या उलट बाजूची एक गोष्ट. ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. पण जिची ती गोष्ट त्या व्यक्तीनेंच ती न लपवितां सांगितली आहे. अभिनेते ऋषि कपूर यांचें आत्मचरित्र २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. 'बॉबी' या चित्रपटाबद्दल उत्कृष्ट अभिनेत्याचें पारितोषिक मिळावें म्हणून तरुणपणीं आपण एका मध्यस्थास तीस हजार रुपये दिले होते, व त्याची आपणांस लाज वाटते, असें त्यांनीं त्यांत लिहिलें आहे. ते पैसे पुढें कोणाच्या हातीं पडले, हें कांहीं सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून आम्ही कोणा संस्थेस दोष देत नाहीं. पण त्या तरुणाकडे पाहावें. काम त्यानें वाईट केलें होतें असें नव्हे. चित्रपट देशभर गाजला होता. कदाचित् तो मान त्याला पैशावांचूनही मिळाला असता. परंतु पैसे दिल्यामुळें ही गोष्ट त्याला कधींच कळली नाहीं. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती मूर्ति घरांत असून तिच्याकडे निर्मळ मनानें पाहण्याचें सुख त्यानें गमावलें. उतारवयांत त्यानें हें कबूल केलें, हा त्याचा मोठेपणा. आणि जी कबुली द्यावी लागली, ती त्या बक्षिसाची खरी किंमत.

पालकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबावें. पैसे देऊन बक्षीस घेणारा पालक आपल्यांत सहसा आढळणार नाहीं. पण हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनांत मुलाच्या नांवावर ठेवलेली वस्तु आईनें केलेली असते. निबंध वडिलांनीं लिहून दिलेला असतो. आणि गुण एक-दोन कमी पडले कीं शिक्षकांच्या घरीं खेपा सुरू होतात. हेतु मुलाच्या कल्याणाचा असतो, यांत शंका नाहीं. परंतु अशा बक्षिसाबरोबर मूल जें घरीं घेऊन जातें, तें म्हणजे 'हें माझें नव्हे' ही मनांतली सल. ती कपाटांत ठेवतां येत नाहीं.

मग पारितोषिकें मुळींच नकोत कीं काय? तसें आम्ही म्हणणार नाहीं. नीट दिलेलें पारितोषिक फार मोठें काम करूं शकतें. गुरु दत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ सालीं प्रदर्शित झाला तेव्हां प्रेक्षकांनीं त्याच्याकडे पाठ फिरविली. तरीही त्याच्या छायालेखनाबद्दल व्ही. के. मूर्ति यांस फिल्मफेअरचें पारितोषिक मिळालें. तिकिटाच्या खिडकीवर जें दिसलें नाहीं, तें येथें कोणीतरी पाहिलें. गर्दीनें न पाहिलेला गुण पाहणें, हेंच परीक्षकाचें खरें काम. नुसत्या गर्दीचाच कौल घ्यावयाचा असेल तर तिकिटांची मोजणी पुरेशी आहे.

तसेंच पारितोषिकांची संख्या वाढविल्यानें न्यायही वाढतो, असें समजण्याचें कारण नाहीं. १९५४ सालीं सर्व चित्रपटसृष्टीस मिळून पांच पारितोषिकें होतीं. २०२० सालीं गुवाहाटी येथें झालेल्या समारंभांत 'गली बॉय' या एकाच चित्रपटास तेरा मिळालीं. छायालेखक, संकलक, ध्वनिलेखक, वेषभूषाकार अशा पडद्यामागच्या अनेकांना या वाढीमुळें मान मिळूं लागला, हें उत्तमच झालें. परंतु दारें पुष्कळ केलीं तरी सगळ्या दारांतून एकच मंडळी आंत येऊं लागली, तर बाहेर उभे असणारे बाहेरच राहतात.

पहिल्या समारंभाच्या वर्षींच, म्हणजे १९५४ सालीं, भारत सरकारनेंही चित्रपटांस पारितोषिकें देण्यास आरंभ केला. त्या पहिल्या वर्षाचें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें तें आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी चित्रपटास. 'दो बिघा जमीन'ला प्रशस्तिपत्र देण्यांत आलें. म्हणजे एकाच सालीं दोन परीक्षकांनीं दोन निराळे चित्रपट पहिले ठरविले. फिल्मफेअरपुढें हिंदी चित्रपट होते, सरकारपुढें सर्व भाषांतले. परंतु 'दो बिघा जमीन' दोघांच्याही पुढें होता, आणि दोघांनीं त्यास निरनिराळी जागा दिली. यांत खोटें कोण? कोणीच नव्हे. पारितोषिक ही परीक्षकाची साक्ष असते. तो जें पाहतो, जेथून पाहतो व जितकें पाहूं शकतो, तितकें तो सांगतो. साक्ष प्रामाणिक असली कीं तिला मान द्यावा. पण ती म्हणजे शेवटचा न्यायनिवाडा नव्हे. ज्या विद्यार्थ्याचें नांव पुकारलें गेलें त्यानें गर्वानें फुगूं नये, व ज्याचें पुकारलें गेलें नाहीं त्यानें स्वतःस नालायक समजूं नये, याचें कारण एकच आहे.

आतां आपल्या शाळेकडे वळूं. बक्षीस-समारंभाच्या दिवशीं परीक्षा जशी विद्यार्थ्यांची होते, तशी शाळेचीही होते, असें आमचें नम्र मत आहे. आपल्या यादींत गणित आहे, इंग्रजी आहे, धांवण्याची शर्यत आहे, सुवाच्य अक्षर आहे. पण आजारी पडलेल्या सोबत्यासाठीं महिनाभर टिपणें उतरून देणारा मुलगा या यादींत कोठें बसतो? पायानें अधू असलेल्या मैत्रिणीचें दप्तर रोज जिना चढवून देणारी मुलगी कोठें बसते? घरीं धाकट्या भावंडांचें करून, स्वयंपाकास हातभार लावून, तरीही काठावर उत्तीर्ण होणारीची प्रगति कोणत्या स्तंभांत मांडावयाची? यादी करणारांच्या डोळ्यांपुढें पार्श्वगायक आले नाहींत, तसेंच हें नव्हे काय?

यावर कोणी म्हणेल कीं, अशा गोष्टींना बक्षीस लावलें तर चांगुलपणाचीही शर्यत सुरू होईल, आणि मुलें बक्षिसासाठीं दप्तरें उचलूं लागतील. हा आक्षेप खरा आहे, व आम्हांस तो मान्य आहे. देवळाच्या भांडारांत दोन दमड्या टाकणाऱ्या त्या गरीब विधवेस प्रभु येशूनें बक्षीस दिलें नाहीं; त्यानें फक्त तिच्याकडे पाहिलें, आणि आपल्या शिष्यांस तिच्याकडे पाहावयास सांगितलें. तितकें आपल्याला करतां येईल. मूर्ति नको, चषक नको. वर्गशिक्षकांनीं वर्षाच्या अखेरीस दोन ओळींचें एक पत्र अशा मुलाच्या घरीं पाठवावें, म्हणजे झालें. तें पत्र व्यासपीठावर वाचून दाखविण्याचेंही कारण नाहीं. विद्यार्थ्यांनींही प्राण यांच्याप्रमाणें एवढें करावें कीं, आपल्याला मिळालेल्या शाबासकींत दुसऱ्याचा वांटा असेल तर तो उघडपणें सांगावा.

एक गोष्ट लिहितां लिहितां ध्यानांत आली. १९५४ सालीं ज्या दोन चित्रपटांनीं दोन पहिलीं पारितोषिकें मिळविलीं, त्यांतील मुख्य माणसें कोण आहेत? एक रिक्षा ओढणारा शेतकरी आणि एक कोंकणांतली दरिद्री आई. दोघांनाही जन्मांत कधीं कोणीं व्यासपीठावर बोलाविलें नसतें. शंभूची जमीनही अखेर गेली, आणि श्यामच्या आईनें गरिबींतच डोळे मिटले. अशाच माणसांच्या कथांना त्या वर्षीं दोन्हीकडील परीक्षकांनीं पहिला मान दिला, याबद्दल आम्हांस त्या परीक्षकांचें कौतुक वाटतें.

यंदाच्या समारंभांत पहिल्या आलेल्यांसाठीं सर्वांनीं मनापासून टाळ्या वाजवाव्यात. त्या वाजवून झाल्यावर शिक्षकांनीं, पालकांनीं व खुद्द विजेत्यांनीं एकदां मागच्या बांकाकडे वळून पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.